समुद्रातून उजनीत: एका जुन्या मोटर यॉटच्या घरगुती दुरुस्तीचं प्रकरण

मालकांनी बोट पाहिली ती मुंबईजवळच्या एका खाडीत, भरतीच्या वेळी. ओहोटीला पाहिली असती तर तळ उघडा दिसला असता आणि भाव आणखी पाडून मागता आला असता. लांबी बत्तीस फूट, रुंदी ३.२ मीटर, वजन सहा टनांच्या घरात. फायबरचा तळ, पुढे छोटी केबिन, मागे उघडा डेक, आणि मधल्या फळ्यांखाली ट्रकचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मरीन करून बसवलेलं. बांधणी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. कारखान्याची पाटी गंजून कोरी झालेली. एका कंपनीच्या साहेबलोकांना फिरवून झाल्यावर ती बरीच वर्षं नुसती बांधून पडली होती.

मालकांचा सोलापुरात टॉवेलचा कारखाना. त्यांना ही यॉट उजनी धरणावर हवी होती. सुट्टीत घरच्यांना फिरवायचं, हिवाळ्यात पाहुण्यांना भिगवणच्या बाजूचे रोहित पक्षी दाखवायचे. मी जहाजांवर इंजिनीअर होतो आणि निवृत्तीनंतर सोलापुरात राहतो, म्हणून सल्ल्यापुरतं काम माझ्याकडे आलं. दुरुस्ती होईल तेवढी स्वतः आणि गावातल्याच कारागिरांकडून करायची, हा त्यांचा हट्ट. मुंबईच्या यार्डाने सांगितलेला आकडा बोटीच्या किमतीहून मोठा होता, त्यामुळे हट्टाला कारणही होतं.

त्यांची यादी अशी: केबिनला एसी, छतावर सोलर, वर दहा जणांची बैठक, म्युझिक सिस्टीम, नव्या गाद्या. माझी यादी तळापासून सुरू होत होती. वादाचं मूळ त्यांच्या एका वाक्यात होतं. “तीस वर्षं खाऱ्या पाण्यात टिकली की ओ, गोड्या पाण्यात काय होतंय तिला?”

गोड्या पाण्यात काय होतंय

लोखंड गोड्या पाण्यात सावकाश गंजतं, हे खरं. पण यॉट नुसती लोखंडाची नसते. खाऱ्या पाण्यात लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ आवर घालतं. गोडं पाणी डेकच्या भोकातून आत शिरलं की प्लायवुड समुद्रापेक्षा लवकर कुजतं. फायबरच्या तळाला येणारे फोडही गोड्या आणि कोमट पाण्यात वेगाने वाढतात. फायबरचे धागे धरून ठेवणाऱ्या रेझिनमध्ये राहून गेलेली रसायनं आत झिरपलेल्या पाण्यात विरघळतात, तिथं दाट आम्लट द्रव तयार होतो आणि तो बाहेरचं पाणी आणखी ओढून घेतो. बाहेरच्या पाण्यात क्षार जितके कमी, तितकी ही ओढ जास्त. उन्हाळ्यातलं उजनीचं पाणी गोडंही आणि कोमटही.

तिसरी गोष्ट जस्ताची. शाफ्ट (प्रॉपेलर फिरवणारा दांडा) आणि प्रॉपेलर यांचा धातू वाचवण्यासाठी तळाला जस्ताचे अॅनोड लावतात. ते आधी झिजतात आणि बाकीचं वाचतं. गोड्या पाण्यात जस्तावर पांढरट कवच धरतं आणि त्याचं काम थांबतं. बघणाऱ्याला वाटतं अॅनोड अजून नवा आहे, आणि इकडे प्रॉपेलर खाल्ला जात असतो. गोड्या पाण्यात मॅग्नेशियम लागतं. यावर मालकांनी स्वतःच तोड काढली. गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असतो आणि तो हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो. तो तांब्याच्या जाड वायरने शाफ्टच्या सर्किटला जोडून बोट उभी असताना पाण्यात सोडायचा. तळाला योग्य अॅनोड मागवून बसवलेच, पण जोडीला हा रॉडही ठेवला. जुगाड म्हणून हसण्यासारखं त्यात काही नाही, तत्त्व तेच आहे. फक्त जोडणीला गंज धरला की तो नुसता लोंबकळत राहतो, म्हणून ती अधूनमधून घासावी लागते.

गोड्या पाण्यात बोट जास्त बुडेल, ही घरच्यांची भीती मात्र हिशेबात टिकली नाही. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड. सहा टनांच्या या बोटीला त्याचा फरक पडतो आठ-नऊ मिलिमीटरचा.

शेडमधला तळ

बोटीची रुंदी रस्त्याच्या वाहनाच्या मर्यादेबाहेरची, म्हणून वाढीव मापाच्या मालाची परवानगी काढून ती लो-बेड ट्रेलरवरून आली. दिवाळीनंतर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये उभी राहिली. बघायला येणाऱ्यांचा प्रश्न एकच: सोलापुरात जहाज कशाला? मालक उत्तर द्यायचे, की वालचंद हिराचंद याच गावात जन्मले. त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली म्हणून तर आज सागरी दिन साजरा होतो, आणि विशाखापट्टणमचा जहाज कारखानाही त्यांनीच सुरू केला. गप्प बसवायला एवढं पुरत असे.

हिवाळ्याचा मुहूर्त कामाच्या दृष्टीने उत्तम होता. कोकणात तळ वाळवणं ही डोकेदुखी असते, कारण हवेतच ओल असते. सोलापूरच्या कोरड्या हवेत ओल्या फायबरमधलं पाणी आपण होऊन निघतं. पाण्याच्या नावाने कायम रडणाऱ्या या गावाचा कोरडेपणा इथं कामी आला.

फोड रुपयाच्या नाण्याएवढे, बहुतेक पाण्याच्या रेषेखाली उजव्या बाजूला. गॉगल घालूनच ते फोडायचे, कारण आतला द्रव दाबाखाली असतो आणि उडतो. वास व्हिनेगरसारखा. उघडलेले खड्डे नुसते वाळवून भागत नाही. आतली रसायनं पाणी धरून ठेवतात, म्हणून खड्डे गरम गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे, मग वाळवायचे. ओलावा मोजायच्या मीटरचा आकडा खाली येऊन स्थिर झाल्याशिवाय पुढं जायचं नाही. मालकांना हा थांबण्याचा काळ फार जड गेला. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकल्यावर आकडा बसला.

फायबरचा मिस्त्री कूलरच्या बॉडी, टाक्या आणि बाथरूमचे दरवाजे करणारा. हात सफाईदार. पुढच्या बाजूला धक्क्याला घासून पडलेली एक जुनी चीर त्याने पाहिली आणि तिच्यात लांबी (पुट्टी) भरायला घेतली. मी सांगितलं, चिरेच्या चारी बाजूंनी उतार घासायचा, जाडीच्या बारापट. म्हणजे ८ मिलिमीटर जाडीला साधारण १० सेंटिमीटर.

“मालक, एवढं घासायचं म्हणजे चांगली बॉडी वाया घालवायचं काम हाय की ओ.”

वाद घालण्यापेक्षा भंगारातल्या एका फायबरच्या पत्र्यावर दोन्ही पद्धती करून पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्यावर घेऊन मोडल्या. लांबीवाला तुकडा जोडावरच सुटला. उतारवाला जोड सोडून भलतीकडे मोडला. त्यानंतर मिस्त्रीने ग्राइंडर खाली ठेवला नाही.

खरा घोळ पॉलिएस्टर आणि इपॉक्सी या दोन रेझिनांच्या क्रमात होतो. वाळलेल्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी छान धरतं, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर किंवा जेलकोट (पॉलिएस्टरचाच वरचा चकचकीत थर) नीट धरत नाही. मिस्त्रीची सवय अशी की सगळं झाल्यावर शेवटी चकाकणारा जेलकोट मारायचा. तळाच्या फोडांवर आपण इपॉक्सीच वापरणार असलो तर पॉलिएस्टरची सगळी कामं आधी उरकली पाहिजेत. म्हणून चीर आणि इंजिनाच्या बैठकीभोवतीचं काचधाग्यांच्या मॅटचं काम आधी केलं. मग फोड इपॉक्सी फिलरने भरले. शेवटी संपूर्ण तळाला इपॉक्सीचे हात देत २५० मायक्रॉनचा थर बसवला. दोन हातांच्या मध्ये पृष्ठभागावर मेणचट थर येतो. तो घासून जात नाही, आधी पाण्याने धुवावा लागतो.

पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर (ते घट्ट करणारं रसायन) एक ते दोन टक्के. उन्हाळा चढला की ते भांड्यातच जेल होऊ लागतं आणि मिस्त्री हार्डनर अर्ध्या टक्क्यावर आणतात. तसं केलं की थर कधीच पूर्ण पिकत नाही. त्यापेक्षा पहाटे काम करावं, थोडं-थोडं कालवावं आणि खोल डब्याऐवजी पसरट ट्रे घ्यावा. एक गोष्ट कुठल्याही शेडमध्ये भिंतीवर लिहून लावावी अशी: हार्डनर आणि कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर नंतर.

डेकचं दुखणं वरून दिसत नव्हतं. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत गेलं की चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. रेलिंगच्या जवळजवळ प्रत्येक खांबापाशी बद्द आवाज. वरचं कातडं कापून काढलं तेव्हा आतलं प्लायवुड चहाच्या चोथ्यासारखं हातात आलं. नवं प्लायवुड आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे मरीन, घातलं. खांबांसाठी भोकं मोठी पाडून ती घट्ट इपॉक्सीने भरली आणि त्या इपॉक्सीत पुन्हा नेमक्या मापाची भोकं घेतली, म्हणजे उद्या सील गेलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. कंटाळवाणं काम. मालक आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, दोघांनीच ते पुरं केलं.

साखर कारखान्याचे फिटर

या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखं काही असेल तर ते इथं आहे. यॉटच्या इंजिनरूममध्ये असं फार थोडं असतं जे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाने दुसऱ्या रूपात रोज हाताळलेलं नसतं. शाफ्ट तळातून बाहेर पडतो तिथं पाणी अडवणारी ग्लँड असते. साखर कारखान्यातल्या पंपालाही ग्लँड पॅकिंगच असतं. गियरबॉक्स आणि शाफ्टचं कपलिंग डायल गेजवर जुळवणं हे तिथल्या फिटरचं नेहमीचं काम. जिल्ह्यात तिसाहून जास्त साखर कारखाने. गाळप संपलं, मार्च सरला, की अशा निवृत्त फिटरमामांना गाठता येतं. आमचे मामा पंढरपूरच्या बाजूचे. बोटीत पहिल्यांदाच उतरले आणि ग्लँड पाहून म्हणाले, “हे आपलंच हाय की.”

जुनं पॅकिंग काढायला हुक लागतो आणि चिकाटी लागते. नव्या कड्या तिरप्या कापून, जोड एकाखाली एक येणार नाहीत असे बसवायच्या. ग्लँड इतकी आवळायची नाही की गळती शून्य होईल. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडलेच पाहिजेत, नाहीतर पॅकिंग जळून शाफ्टवर खोबण पडते. हे मामांना सांगावं लागलं नाही. मालकांना सांगावं लागलं, आणि तरीही गळणारी बोट त्यांना काही दिवस झोपू देत नव्हती.

कपलिंगच्या बाबतीत मात्र कारखाना आणि बोट यांत फरक आहे. कारखान्याचा पाया हलत नाही. बोट स्टँडवर उभी असताना तळाचा आकार एक असतो आणि पाण्यात उतरल्यावर थोडा बदलतो. शेडमध्ये केलेली जुळणी फक्त कच्ची. पक्की जुळणी बोट काही दिवस पाण्यात राहिल्यावरच करायची. अंदाज असा, की कपलिंगच्या दोन तोंडांमधला फरक व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंचाहून जास्त नसावा. मामांना हे पटायला वेळ लागला. पाण्यात फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून फरक डोळ्यांनी बघितला तेव्हा कुठं त्यांनी मान हलवली.

इंजिनाचा ब्लॉक ट्रकचा असल्याने गावातला डिझेल मेकॅनिक त्यात सराईत. नोझल आणि पंप टेस्ट बेंचवर गेले. मरीन भाग मात्र त्याला नवे. ट्रकमध्ये रेडिएटर असतो, इथं हीट एक्स्चेंजर: आतलं कूलंट नळ्यांच्या एका बाजूला, बाहेरून ओढलेलं पाणी दुसऱ्या बाजूला. नळ्यांत खाऱ्या पाण्याचा चुना जमून निम्मा रस्ता बंद झालेला. रेडिएटरच्या दुकानात सौम्य आम्लाने तो साफ केला आणि हलकी हवा भरून पाण्यात बुडवून बुडबुडे तपासले. एक नळी गळत होती, ती दोन्ही टोकांनी बंद केली. पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर पाण्याशिवाय थोडा वेळ जरी फिरला तरी त्याची पाती तुटतात, म्हणून शेडमध्ये इंजिन सुरू करताना बाजूला पाण्याचं पिंप आणि सक्शनला पाइप. जुनी तुटलेली पाती पंपातून पुढे जाऊन एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेली असतात; ती न शोधता नवा इम्पेलर घातला की इंजिन तापतच राहतं.

एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप, बाहेरून रंगवलेला आणि धडधाकट, आतून पापुद्रे सुटलेला. याच एल्बोत थंड पाणी धुरात सोडतात. आतली भिंत गेली तर ते पाणी उलट सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. नवा एल्बो डेअरीची भांडी-पाइप करणाऱ्या फॅब्रिकेटरकडून ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचा करून घेतला. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाही, त्यासाठी ३१६ मधलं मॉलिब्डेनम दाखवणारं थेंबांचं किट मिळतं. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये.

तळातले नळ काढल्यावर दोन पितळी निघाले, रंग गुलाबी झालेला. पितळातलं जस्त निघून गेलं की मागे भुसभुशीत तांबं उरतं. पकडीने दाबलं तर एक नळ तिथंच फुटला. पाण्याच्या रेषेखाली सॅनिटरीच्या दुकानातलं पितळ चालत नाही, ब्राँझच हवं. ते मुंबईहून मागवलं. गावात न मिळालेल्या मोजक्या वस्तूंपैकी ही एक. डिझेलची टाकी तळाशी सडलेली होती, बदलली.

वायर आणि एसी

वायरमनने घरगुती अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) वायर आणली होती. साधा हिशेब मांडला. बिल्ज पंप (तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) १२ व्होल्ट, १० अँपिअर. बॅटरीपासून पंप ८ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १६ मीटर तांबं. अडीच एमएममध्ये वाटेतच १.१ व्होल्ट जातो. दहा एमएममध्ये पाव व्होल्टच्या थोडा वर. बोटीत पाणी भरत असताना पंपाला नऊ टक्के कमी व्होल्टेज देणं परवडत नाही. कल्हई केलेल्या तारांची मल्टिस्ट्रँड वायर, क्रिम्प केलेले लग, वर हीट श्रिंक. पीळ मारून टेप गुंडाळणं बंद. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, कारण फ्यूजच्या आधीची वायर म्हणजे विनासंरक्षण वायर.

एसीचं प्रकरण अंकांनीच मिटलं. एक टनाचा एसी साधारण १२०० वॅट घेतो. १२ व्होल्टवर १०० अँपिअर, इन्व्हर्टरचं नुकसान धरून ११५. बॅटरी २०० अँपिअर-तासांची, आणि लेड-अॅसिड निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. तास भरायच्या आतच निम्मी संपली. त्याऐवजी केबिनच्या छताला आतून इन्सुलेशन, वर पांढरा रंग आणि चार पंखे. गाद्यांना मालकांच्याच कारखान्यातलं टेरी कापड.

केबिनमध्ये घरगुती सिलिंडर ठेवून चहा करायचा बेत मी सरळ हाणून पाडला. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर बोटीच्या तळाशी साठतो आणि स्टार्टरच्या ठिणगीची वाट बघत बसतो. कडक भाकरी आणि शेंगा चटणीला तसंही गॅस लागत नाही.

वरची बैठक

छतावर दहा जणांची बैठक हा मालकांचा सर्वात लाडका बेत होता, आणि यावर मी नुसतं ‘नको’ म्हटलं असतं तर त्यांनी ते ऐकलं नसतं. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला जाणारी बोट याच पाण्यात वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं बुडाली. जिल्ह्यात ते कुणी विसरलेलं नाही. बोट पाण्यात उतरल्यावर काठालगत चाचणी घेतली. बोट हलवून सोडायची, एका बाजूकडून दुसरीकडे जाऊन परत यायला लागणारे सेकंद मोजायचे. रुंदीला ०.८ ने गुणायचं, सेकंदांनी भागायचं, येईल त्याचा वर्ग करायचा. स्थिरतेच्या उंचीचा ढोबळ आकडा मीटरमध्ये मिळतो; तो जितका मोठा, तितकी बोट कलायला अवघड. रिकाम्या छताला २.८ सेकंद, म्हणजे ०.८४ मीटर. दहा माणसांच्या वजनाची वाळूची पोती वर बांधल्यावर ३.२ सेकंद, म्हणजे ०.६४.

हे अजून वाईट नाही, असं मालक म्हणाले. बरोबर आहे, माणसं पोत्यांसारखी बांधून बसली तर. पण रोहित पक्ष्यांचा थवा डावीकडे उठला की दहाच्या दहा जण डावीकडे जातात. सगळे मीटर-सव्वा मीटर सरकले तर बोट दहा अंशांच्या आसपास कलते, आणि त्याच क्षणी वारा त्याच बाजूला ढकलू लागला तर पुढचं कुणाच्या हातात राहत नाही. वरची बैठक रद्द झाली. सोलरच्या दोन पातळ पाट्या तेवढ्या छतावर गेल्या.

आंतरदेशीय जलयान कायदा २०२१ खालची नोंदणी आणि तपासणी, ती करणारं महाराष्ट्र सागरी मंडळ आणि धरणासाठी जलसंपदा खातं, हे कागद मालकांनी दुरुस्तीच्या सोबतीनेच सुरू केले. हे शेवटी करू म्हणणाऱ्यांच्या बोटी शेडमध्येच राहतात.

उतरवणं आणि त्यानंतर

मालकांना अक्षय्य तृतीयेला बोट उतरवायची होती. उजनीची पूर्ण भरल्यावरची पातळी ४९६.८३ मीटर आणि मृतसाठ्याची ४९१.०३. सहा मीटरच्या घरातला हा फरक उताराच्या सपाट काठावर केवढं अंतर खातो, ते मे महिन्यात टेंभुर्णीच्या बाजूला उभं राहून बघावं. पाणी दूर, मधे पाय रुतणारा गाळ. त्या चिखलात हायड्रा क्रेन घालणारा ऑपरेटर मिळत नाही आणि मिळू नये. थांबलो. धरण भरल्यावर, गणपतीच्या सुमारास, पक्क्या काठावरून पट्ट्यांवर उचलून बोट पाण्यात गेली.

तळाला तांब्याचा विषारी रंग दिला नाही. समुद्रात तळाला चिकटणाऱ्या शिंपल्या-कालवांसाठी तो असतो, इथं त्याची गरज नाही, आणि सोलापूर शहर हेच पाणी पितं. नळाला येणाऱ्या पाण्यात आपल्याच यॉटचं तेल नको, म्हणून टॉयलेटचा बाहेर जाणारा नळ कायमचा बंद करून टाकी बसवली, आणि इंजिनाखाली तेल झेलणारा वेगळा ट्रे दिला, म्हणजे बिल्ज पंप फक्त पाणीच बाहेर टाकतो.

पहिला हंगाम संपत आला तेव्हाची स्थिती अशी. इंजिनाचं तापमान स्थिर, पण जलपर्णीची मुळं आणि हिरवं शेवाळ गाळणीत इतकं येतं की प्रत्येक फेरीनंतर ती उघडावी लागते. गीझरचा रॉड बोटाएवढा बारीक झालाय, म्हणजे काम करतोय. डेक कोरडा. एक तक्रार उरली: पूर्ण रेस दिल्यावर इंजिन ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत जात नाही आणि काळा धूर सोडतं. पाचशे मीटर उंचीवर हवा पाच-सहा टक्के विरळ, त्यात उन्हाची गरम हवा. समुद्रासाठी निवडलेला प्रॉपेलर इथं इंजिनाला जड जातो. इंजिनाचा डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याने डिझेल थोडं कमी करून धूर घटवला, फेऱ्या मात्र आल्या नाहीत. पाणी खाली जायच्या आत बोट उचलायची, तेव्हा तळाचे फोड तपासायचे आणि प्रॉपेलर काढून पिच (पात्यांचा पीळ) कमी करायला मुंबईला पाठवायचा. एमआयडीसीतला एकजण तो इथंच ठोकून द्यायला तयार होता. फिटरमामांनी त्याला परत पाठवलं: बॅलन्स गेला तर ग्लँड, बेअरिंग आणि कपलिंग, तिन्ही पुन्हा उघडायला ते येणार नाहीत.